नवऱ्याच्या खिळ्यावर

लेसची कॉलर परत न्यायला मी लुबर्ट मास्तरांच्या चित्रशाळेत शिरले, तर खुर्चीवर माझ्याआधी मीच येऊन बसलेली!

माझा काळा रेशमी झगा, माझी कॉलर, माझा मोत्यांचा सर... सगळं एका लाकडी बाहुलीच्या अंगावर. आणि एक तरुण कारागीर तिच्यापुढे गुडघ्यावर बसून बाहीच्या चुण्या सारख्या करत होता.

"किती वाकता हो! श्रीमंताघरच्या लेकी अशा पोक काढून बसतात का?" तो तिला सुनावत होता.

"बसतात," मी म्हणाले. "बापानं न विचारता कपडे पाठवून दिले की पोक येतं. बाही सोडा माझी."

तो धडपडत उठला. हनुवटीला पांढरा रंग, कानापर्यंत लाली.

"तुम्ही... माख्टेल्ड?"

"छे. माख्टेल्ड ही बसलीय ना. मी नुसतं डोकं. त्याची तुम्हाला गरज पडलेली दिसत नाही."

कारण समोरचं चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. रेशमाची चमक, हातमोजे, लेसचं एकेक भोक — आणि चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग!

"चेहरा शेवटी असतो," तो म्हणाला. "तुमच्यासारख्यांना फार वेळ बसायला लागू नये म्हणून."

"आणि मला डावीकडे का वळवलंय?"

"नवरा डावीकडे टांगतात ना! बायको उजवीकडे, दोघं एकमेकांकडे वळलेली. त्यांचं चित्र कधीच झालंय. तुमची चौकट त्याच मापाची मागवलीय."

ते म्हणजे एन्खाउझेनचे पाउवेल्स. विधुर, हेरिंग मासळीचे मोठे व्यापारी. मी अजून हो म्हटलं नव्हतं. बाबांनी चौकट मात्र मागवली होती, आणि आमच्या होर्न गावात एकदा चौकट आली की लग्न ठरलंच असं धरतात.

मी कॉलर न घेताच घरी आले. संतापानं विसरले.

चेहरा द्यायला गेले तीही धुमसतच. बाहेर खाडीवरून वारा सुटला होता, पावसाची बारीक भुरभुर काचांवर वाजत होती. कारागिराचं नाव वायब्रांट, एवढं एव्हाना कळलं होतं.

"भुवई जरा खाली घ्याल?" तो म्हणाला. "चिडलात की डावी वर जाते."

"मग वरच काढा."

"मास्तर पुसतील. शेवटचा हात त्यांचा. डोळ्यांतला उजेड त्यांचा, खालचं नावही त्यांचंच."

"आणि तुमचं काय?"

"माझं दुपारचं जेवण." तो हसला. "मी चित्रकारांच्या संघात नाही अजून. स्वतःचं नाव घातलं तर शहरात काम मिळणार नाही."

"वा! म्हणजे नवरा बाबांनी निवडायचा, चित्र तुम्ही काढायचं, नाव मास्तरांचं लागायचं... मग यात मी कुठे आहे हो?"

त्याचं हसू विरलं. तो माझ्या दुसऱ्या बाजूला, रंग वाटायच्या दगडाशी गेला. दगडाची घरघर सुरू झाली. खांदे होते तसेच ठेवून मी मान त्याच्याकडे वळवली.

"हलू नका," तो एकदम हळू म्हणाला. "अशाच राहा. एन्खाउझेनकडून तोंड फिरवलंत तुम्ही... पण कुणाकडे?"

"रंग कसा वाटतात ते बघतेय."

"रंग केव्हाच वाटून झाला."

मी तरीही बघत राहिले. त्यानं ते तसंच रंगवलं, भुवईसकट.

"मास्तर हाकलतील तुम्हाला," मी म्हणाले.

"हाकलतील. पण तुम्ही विचारलंत ना, यात मी कुठे म्हणून... या. बघा आता."

मी पाहिलं. तिथे मी होते.

आमच्या बैठकीत दोन्ही चित्रं शेजारीशेजारी टांगली, त्या दिवशी घर हादरलं. पाउवेल्स कौतुकानं उजवीकडे बघताहेत, आणि मी त्यांच्याकडे खांदा करून दुसरीकडेच!

"हे काय सोंग?" बाबा ओरडले.

"याखाली माझं नाव लागणार नाही!" मास्तरही ओरडले, आणि वायब्रांटला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

पाउवेल्स मात्र हॅट हातात धरून चित्र निरखत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

विचारणारे तेच पहिले. मी नाही म्हणाले. ते आपलं चित्र काखेत मारून गेले. त्यांचा खिळा भिंतीत राहिला, आणि बाबांचा अबोलाही.

वायब्रांट हार्लेमला गेला, तिथे संघात शिरला. वसंतात परतला तो गोणपाटात गुंडाळलेली चौकट घेऊन. मापानं माझ्या चौकटीएवढीच. आत तो स्वतः, डावीकडे बघणारा.

"आता तुमच्या चित्रावर नाव घालू शकतो मी," तो म्हणाला. ब्रश त्यानं बरोबरच आणला होता.

"हात लावू नका. त्यावर कुणाचंच नाव नको. ते माझं आहे."

मी माझं चित्र उतरवलं आणि डावीकडे, नवऱ्याच्या खिळ्यावर टांगलं.

"लोक म्हणतील, जोडी चुकीची लावलीय," तो म्हणाला.

"म्हणू देत!"

"आणि मी... मी कुठे?"

मी उजवीकडच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं.

"तू बायकोच्या जागी."