मिकोकोनीच्या रस्त्यावरची आरोळी

कॉफी घ्या, पोरांनो. आलं जरा जास्त झालंय, घशाला झोंबेल, पण अंग मोकळं होईल. शर्यत परवा आहे ना? मग आज पायांना आराम द्या आणि बसा इथे ओट्यावर.

मघाशी विचारत होतात, या बेटावर पळायचं तर काय काय सांभाळायचं? सांगतो. मी जन्मभर इथेच पळलो आणि तुमच्यासारख्या पाहुण्यांना पळवलंही. वाळूवर उतरायचं ते ओहोटीला, वाळू घट्ट असते तेव्हा. भरती लागली की किनारा सोडायचा. मागच्या खाडीतून पाणी आधी भरतं, तुम्ही पुढचा समुद्र बघत राहता आणि खारफुटीत अडकता. पोवळ्याच्या दगडावर अनवाणी जायचं नाही. हंगाम आहे, रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत घातल्यात, त्यांवर पाय पडू द्यायचा नाही. आणि माणूस दिसला की मोठ्याने सलाम करायचा, आपलं नाव सांगायचं.

हसतेस काय, उपेंडो? धाप लागलेली असताना सलाम कसा करायचा म्हणतेस? कर. दम गेला तरी चालेल, पण सलाम कर.

आणि उजाडायच्या आत मिकोकोनीच्या रस्त्यावर एकट्याने जायचं नाही.

का ते सांगतो. सुल्ले नावाचा पोरगा होता. तुमच्यासारखाच मुख्य भूमीवरचा, वर डोंगराळ मुलखातला, म्बुलूकडचा. उंच, काटकुळा, पायांत नुसत्या शिरा. शर्यत जिंकायलाच आला होता तो, आणि जिंकलाही असता. त्याची उतरायची सोय मी माझ्या मित्राकडे केली होती, कोंबोकडे. कोंबोचं घर मिकोकोनीत, अगदी रस्त्याला लागून. जे मी पाहिलं ते सांगतो, आणि जे सुल्लेने मला सांगितलं ते सांगतो. मधे माझ्या पदरचं काही घालत नाही.

बुधवारची रात्र होती, शर्यतीच्या दोन दिवस आधीची. मी कोंबोकडे जेवायला. त्याच्या बायकोने, झुवेनाने, नारळाचा भात केला होता आणि ऑक्टोपसचा रस्सा. सुल्लेने ताटात बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, याला माझ्यापेक्षा पाय जास्त आहेत. हा पोटात गेला तर परवा माझ्या पुढे पळेल." झुवेना इतकी हसली की तिला ठसका लागला. पोरगा गोड होता. पण तापट. भात संपायच्या आत एकदा पुढाऱ्यांवर चिडला, एकदा बोटवाल्यांवर, एकदा आपल्या प्रशिक्षकावर.

मी त्याला हेच सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं ते. त्याने विचारलं, "पहाटे का नाही? मी रोज पहाटेच पळतो."

तेव्हा मी त्याला मबरूकचं सांगितलं.

मबरूक पलीकडच्या गावचा. सुल्लेच्या जन्माच्याही आधीची गोष्ट. बेटाच्या संघात नाव आलं होतं त्याचं, म्हणून उजाडायच्या आत एकटाच सराव करायचा. बोलताना अडखळायचा. घाबरला की पहिलंच अक्षर तोंडात अडकायचं, पुढे सरकायचंच नाही. त्या वर्षी लवंगेला भाव होता आणि चोऱ्याही फार. रात्रीत चटया साफ व्हायच्या. मिकोकोनीतली माणसं काठ्या घेऊन जागत होती, झोप नाही, डोकी तापलेली. अंधारात पळणारी पावलं ऐकू आली आणि कुणीतरी ओरडलं, "चोर." बस, तेवढंच. सगळं गाव बाहेर आलं.

थांबला असता तर कदाचित... पण एवढी माणसं अंगावर येताना बघून कोण थांबतं? तो पळाला. वेगात पळाला, म्हणजे चोरच. खाडीच्या वळणावर पुढून दोघे आले, धरला. "कोण आहेस?" विचारलं त्यांनी. हो, विचारलं. त्याने तोंड उघडलं. "म... म..." एवढंच. उखळातल्या मुसळांनी मारला त्याला. वल्ह्यांनी, दगडांनी. पडल्यावरही मारला. हात उठायचा थांबला तरी दुसऱ्याचा उठलेला बघून पुन्हा उठायचा. सकाळी त्याच्या आईला आणलं, तर तिने पायांवरून ओळखला. तोंड तोंड राहिलं नव्हतं. खिशात एक लवंगसुद्धा नव्हती. तेव्हापासून उजाडायच्या आत त्या रस्त्यावर तो अजून पळतो, असं लोक सांगतात.

मी हे सांगत होतो तेव्हा कोंबो पानावरून उठून हात धुवायला गेला. भात अर्धा तसाच. कोंबो नेहमी सांगतो, त्या रात्री मी गावात नव्हतो, होडीवर होतो. मी कधी खोदून विचारलं नाही.

सुल्ले ऐकून घेत होता. मग हसला. म्हणाला, "बाबा, वाईट झालं त्याचं. पण मेलेला माणूस माझ्यापेक्षा वेगात पळत असेल, तर मला त्याला बघायचंच आहे."

मी घरी आलो.

त्यानंतर एक गोष्ट झाली. झोपायच्या आधी सुल्ले ओट्यावर आला, तर त्याचे पळायचे बूट नाहीत. शर्यतीचे, नवे. त्याच्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून घेऊन दिलेले. त्याने घर डोक्यावर घेतलं. झुवेना शेजारच्या बाळंतिणीकडे गेली होती, रात्री तिथेच राहणार होती. कोंबो कंदील घेऊन शोधत राहिला. "चोरांचं बेट आहे तुमचं," सुल्ले त्याला म्हणाला. "हातात सापडू दे एकदा. हाडं मोडतो." कोंबो म्हणाला, "असं बोलू नकोस. इथे असं बोलत नाहीत." पण पोराचं डोकं फिरलं होतं. त्याच रागात तो आडवा पडला. झोप कसली येते?

गुरुवारची पहाट. बांग व्हायला अजून अवकाश. चंद्र बुडालेला, ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उघडा पडून वास सुटलेला. सुल्ले उठला आणि अनवाणीच बाहेर पडला. लहानपणी अनवाणीच पळायचा तो, त्याला त्याचं काही नाही. राग पायांतून काढून टाकावा, एवढंच मनात होतं, म्हणाला.

आधी बरं वाटलं. रस्ता थंड, लवंगांचा वास, दोन्ही बाजूंना चटया. गाव मागे पडलं. मग पुढे कुणीतरी पळत असल्याचा आवाज आला.

एकच माणूस. अनवाणी. चांगली लय होती, म्हणाला तो. सराव केलेल्या माणसाची.

त्याला बरंच वाटलं. सोबत झाली. त्याने वेग वाढवला. पुढच्यानेही वाढवला. याने आणखी वाढवला. पुढचा माणूस अंधारात नुसता हलताना दिसत होता, पांढरा बनियन तेवढा. सुल्लेने हाक मारली, "कोण आहे?"

उत्तर नाही.

लाझारो, कंदील जरा कमी कर. डोळ्यांवर येतोय.

मग मागून आवाज आला. बायकी आवाज, लांबून... "चोर."

सुल्ले म्हणाला, बाबा, मी घाबरलो नाही. मला आनंद झाला. मला वाटलं, हाच तो. माझे बूट याच्याकडे आहेत. मी पळालो नाही, मी झेपावलो.

मागून पावलं आली. आधी दोन-चार. मग खूप. अनवाणी, जड, धापा टाकणारी. दोन्ही बाजूंनी आली, त्याच्या बरोबरीने. त्याने मान वळवून बघितलं नाही. पुढच्या बनियनवरून त्याची नजर हलतच नव्हती. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ओला हात. ढकललं... पुढे ढकललं. कुणीतरी कानापाशी म्हणालं, "तू पोचशील. तू धर."

आणि तो पोचला. या बेटावर त्याच्याइतकं वेगात कुणी पळत नव्हतंच.

खाडीच्या वळणावर बनियन त्याच्या मुठीत आला. कापड खरं होतं. घामाने भिजलेलं. त्याने ओढून पाडला त्याला. छातीवर गुडघा ठेवला.

मागची पावलं थांबली. सगळी एकदम.

खालच्या माणसाने तोंड उघडलं.

"म..."

सुल्लेने ऐकलं. स्पष्ट ऐकलं, म्हणाला.

"म... म..."

त्याला आठवलं का मी काय सांगितलं होतं? मी त्याला विचारलं हे. दवाखान्यात, त्याच्या शेजारी बसून. म्हणाला, "आठवलं, बाबा. आठवलं होतं. तरी हात उठला होता ना. उठलेला हात..."



त्याने मारलं. तोंडावर. एकदा मारल्यावर पुन्हा. बाजूने कुणी हात लावला नाही, काठी उगारली नाही. सगळे नुसते उभे. श्वास ऐकू येत होते त्यांचे. खालचा माणूस हात वर करत नव्हता. नुसतं ते अक्षर काढायचा प्रयत्न करत होता. आणि हा मारत होता. हाड मोडल्याचं त्याला कळलं. कुणाचं, ते कळलं नाही. तरी मारत होता. अक्षर बंद होईपर्यंत...

मग बांग झाली.

खाली डांबर होतं. नुसतं डांबर.

पाव विकणारा सायकलवाला त्या वाटेने आला, त्याला सुल्ले रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेला दिसला. उजवा हात मांडीत धरून. कडेची एक चटई उधळलेली, लवंगा त्याच्या रक्ताला चिकटलेल्या. सायकलवाल्याने मोठ्याने सलाम केला. सुल्लेने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसते ओठ हलले. बिचाऱ्याने पावांची टोपली तिथेच टाकली आणि याला मागे बसवून दवाखान्यात नेलं.

मला निरोप आला, मी पोचलो. थोड्या वेळाने कोंबो आणि झुवेना आली. झुवेनाच्या हातात ते बूट होते. रात्री शेजारी जाताना शेळ्यांनी कुरतडू नयेत म्हणून तिनेच आत नेऊन तांदळाच्या कणगीमागे ठेवले होते. तिने ते सुल्लेच्या पायाशी ठेवले. त्याने बघितले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मोठा पोरगा, पण लहान मुलासारखा खांदे गदागदा हलवत रडला. झुवेना त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "बूटच होते रे," म्हणत होती, "बूटच होते."

शर्यत तो पळाला नाही. कधीच पळाला नाही पुन्हा. आता तिकडे डोंगरात बटाटे लावतो, लग्न झालंय, मुलं आहेत. ईदला मला फोन करतो. पळण्याबद्दल आम्ही बोलत नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. मुठीची हाडं मोडली होती. डॉक्टर तरुण होता, बाहेरून आलेला, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं पोराने रागात भिंतीला नाहीतर रस्त्यालाच ठोसे मारले. तो जखम धुवायला बसला. धुता धुता थांबला. दिवा जवळ ओढला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "याने कुणाला मारलंय? त्या माणसाला आधी आणा इकडे. तो वाईट अवस्थेत असणार."

गावप्रमुखाने त्या दिवशी माणसं पाठवली. मिकोकोनीत, पलीकडच्या गावात, खाडीकाठच्या झोपड्यांत, होड्यांवर. दारोदार. कुणी मार खाल्लेला नव्हता. कुणी बेपत्ता नव्हतं.

कारण विचारलंत ना, डॉक्टर का थांबला? त्याने चिमटा उचलला. सुल्लेच्या मधल्या बोटाच्या सांध्यात काहीतरी रुतलं होतं, हाडापर्यंत. ओढताना सुल्ले किंचाळला नाही. कोंबोनेच डोळे मिटून घेतले आणि तो भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

डॉक्टरने ते पत्र्याच्या बशीत टाकलं. टण्ण आवाज झाला. मी वाकून बघितलं.

दात होता. वरचा, समोरचा. कोवळ्या माणसाचा, झीजही न झालेला. आणि मुळाशी अजून ओलं, लाल मांस होतं.