प्रोसेसर कोणी जाळला?

“मी प्रोसेसर जाळलेला नाही,” धाकटी दारातूनच म्हणाली. “पण आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय.”

घार सायकलची चेन बसवत होती. शोधकामात तिची नजर इतकी तीक्ष्ण, की शाळेत तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. शेजारी तिचा मावसभाऊ पाना धरून उभा होता. त्याला सगळे गोगलगाय म्हणत, आणि तो चिडायचाही सावकाश.

“बस. पहिल्यापासून सांग.”

“मी प्रोसेसरचा वेग वाढवतेय. ओव्हरक्लॉकिंग. एका वेळी एकच पायरी चढायची, मग तासभर त्याला कामाला जुंपायचं, तापमान बघायचं, वहीत लिहायचं. व्होल्टेजला हात नाही. सेटिंगच्या ज्या पानातलं कळत नाही, ते पान उघडायचंच नाही.”

वहीत अकरा पायऱ्या होत्या. शेवटची नोंद मंगळवार सकाळची: तासभर चालला, बहात्तर अंश, सगळं ठीक.

“आणि मंगळवारी संध्याकाळपासून?”

“पाच मिनिटांत बंद. वेग कमी केला तरी बंद. कंपनीच्या मूळ वेगावर आणला तरी बंद.” तिने वही मिटली. “उद्या शाळेचं प्रदर्शन आहे. एकच प्रकल्प पुढे जाणार. माझा नाही चालला, तर वर्गातल्या अव्वलचा जाईल. आणि बाबा म्हणालेत, प्रदर्शनातून कॉम्प्युटर परत माझ्या खोलीत येणार नाही.”

घारीने हात पुसले. “गोगलगाय, चल.”

“चेन?”

“चेन कुठे पळून जात नाही.”

धाकटीच्या टेबलावर धुळीत नाव लिहिता आलं असतं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरची पंख्याची जाळी मात्र लख्ख होती.

“दादा ब्रश फिरवतो,” धाकटी म्हणाली. “सुटे भाग आणून त्यानेच जोडलाय हा. कॉलेजसाठी लॅपटॉप मिळाला, तेव्हा मला दिला.”

चाचणी सुरू झाली. घार कॅबिनेटच्या मागे तळहात धरून बसली. पाचव्या मिनिटाला स्क्रीन काळी.

“गोगलगाय, हात लाव. हवा कशी लागते?”

“कोमट. असल्या पाण्याने मी आंघोळ नाही करणार.”

“तू एरवीही करत नाहीस,” घार म्हणाली, आणि खुशीत उठली.

दुरुस्तीवाले काका दुकानात कोणाचा तरी कीबोर्ड उलटा करून झटकत होते. “सोमवारी नवा पंखा मीच बसवला. अगं, नव्वदच्या पुढे गेलं की प्रोसेसर जीव वाचवायला आपणच बंद होतो. सारखा होत असेल तर गेलाच म्हणायचा. धाकटी गिऱ्हाइकांसमोर मला शिकवत होती, व्होल्टेज न वाढवताही वेग वाढतो म्हणून.”

“मग वाढला का, काका?”

काकांनी कीबोर्ड जरा जोरातच आपटला. “वाढला. तेच तर.”

अव्वल आठवीपर्यंत कायम पहिली यायची. टोपणनाव राहिलं, नंबर गेला. “मंगळवारी दुपारी धाकटीकडे वही न्यायला गेले होते,” ती म्हणाली. “दहा मिनिटं खोलीत एकटी होते, लपवत नाही. तिचा रागही येतो. आधी बाई मला विचारायच्या, आता तिला विचारतात. पण तो बंद का पडतो? धूरबीर आला का?”

दादा जिन्यात भेटला. “मी सांगून दमलो. साठ अंश म्हणजे काय गंमत आहे? बंद पडणारच.”

“तू बघितलंस बंद पडताना?”

“छे. मी कॉलेजात होतो. आठवडाभर त्या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही.”

चार वाजता घारीने सगळ्यांना धाकटीच्या खोलीत जमवलं.

“प्रोसेसर जळलेला नाही,” ती म्हणाली. “जळत असता तर मागून गरम झोत आला असता. हवा कोमट होती. मूळ वेगावरही तो बंद पडतो, म्हणजे दोष वेगाचा नाही. कोणीतरी त्याला लवकर बंद व्हायला सांगितलंय.”

तिने सेटिंग उघडलं आणि धाकटीने कधीच न उघडलेल्या पानावर गेली. बंद होण्याची मर्यादा: ६०.

“हे पंच्याण्णव असतं,” काका पुटपुटले.

“काका सोमवारी आले. मंगळवारी सकाळी हाच प्रोसेसर बहात्तरवर तासभर चालला. काका सुटले. अव्वलला तर तो का बंद पडतो हेच ठाऊक नाही, तिला अजून धूर हवाय.”

“मी नुसतं विचारलं,” अव्वल म्हणाली.

“ज्याला मशीन मारायचं होतं, त्याने व्होल्टेज वाढवलं असतं. इथे उलट झालं. धाकटी हरावी, पण प्रोसेसरला चटकाही बसू नये. एवढी माया कोणाला? आठवडाभर पाऊल टाकलं नाही म्हणतो, तरी धुळीच्या खोलीत जाळी कोण पुसून जातं?” ती वळली. “दादा, काका नव्वद म्हणाले. साठ हा आकडा फक्त तुझ्या तोंडून आला. वहीत नाही, तुला कोणी सांगितलेला नाही.”

गोगलगायीने दादाकडे बघितलं, मग जाळीकडे, मग परत दादाकडे. “अच्छा,” तो म्हणाला.

“तीन वर्षं माझ्याकडे होता,” दादा म्हणाला. “एक पायरीसुद्धा चढवायची छाती झाली नाही. हिने महिन्याभरात अकरा चढवल्या. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या धाकटीने केलं. जोडला कोणी, ते कोणी विचारतच नाही.”

धाकटीने मर्यादा पंच्याण्णववर नेली. आकडा दोनदा वाचला आणि चाचणी पुन्हा सुरू केली.

“बाबांना सांगून ये,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही. तूच सांगायचं.”

दादा गेला. आतून बाबांचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याचे कान लाल होते. चाचणीला वीस मिनिटं झाली होती. एकाहत्तर. बहात्तर. बहात्तर.

तो दारातच उभा राहून आकडे वाचत होता.

धाकटीने मान वळवली नाही. खुर्ची एकच होती. धाकटी बसल्याजागी थोडी बाजूला सरकली.