नकाशातले गायब तक्ते

“चोर म्हणाले मला! सगळं ऑफिस गोळा करून, सगळ्यांच्या तोंडावर. आणि आज संध्याकाळी पोलिसांत तक्रार देणार आहेत.”

अंकिता म्हात्रे बसायला तयार नव्हती. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, औषधाच्या दुकानावरच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात ती दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. काशीराम भोईर पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला. उभी हयात पोलीस खात्यात हवालदारी केलेला माणूस तो, पण इतक्या संतापलेल्या पोरीला पाणी घे म्हणायची त्याची छाती होईना.

कीर्ती नाखवाने तिला फिरू दिलं. उरणच्या कोळीवाड्यातली ही बाई वकिली अर्धवट सोडून खाजगी तपासाच्या धंद्यात पडली, तेव्हा लोक फिदीफिदी हसले होते. आता मुलीचं लग्न ठरवताना तेच लोक गुपचूप तिचा जिना चढायचे. बाईची जीभ मात्र तिखटजाळ, आणि मदतनीस म्हणून काशीरामच्या वाट्याला तिचा प्रसाद रोज यायचा.

“चोरलं काय म्हणतात?” तिने विचारलं.

“नकाशा.”

“कुठल्या जमिनीचा?” काशीरामने कान टवकारले. पनवेलात नकाशा म्हटला की जमिनीचाच, दुसरं काय?

“जमिनीचा नाही हो काका, डेटाबेसचा!” अंकिताने पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर आपटले. “आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. हॉस्पिटलची सगळी माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची असते. रुग्णांचा एक तक्ता, खाटांचा एक, ऑपरेशनचा एक. कुठला तक्ता कुठल्याशी जोडलेला आहे, ते दाखवणारा हा नकाशा. प्रत्येक चौकट म्हणजे एक तक्ता, आणि रेघ म्हणजे नातं. हा माझा. चार महिने खपून काढलाय. आणि हा खारघरच्या एका कंपनीचा. एकाच हॉस्पिटलच्या कामासाठी त्यांनी आणि आम्ही अर्ज केलेत.”

काशीरामने दोन्ही कागद पाहिले. त्याला दोन्हीकडे कोळ्याचं जाळं दिसलं.

“सारखेच हायत की.”

“चौकटींची नावं तीच, रेघा त्याच. चौकटींच्या आत बारीक अक्षरांत तपशील असतो, तो मात्र त्यांनी स्वतःचा घातलाय. आणि माझे सात तक्ते त्यांच्यात नाहीत.”

“कुठले सात? महत्त्वाचे?” कीर्तीने पेन्सिल पुढे केली.

अंकिताने भराभर खुणा केल्या. “तेच तर कळत नाही. ऑपरेशनचा तक्ता नाही, त्याच्यावाचून हॉस्पिटल चालणार नाही. आणि रुग्णाच्या जेवणाचा नाही, तो कुणी चोरूनही नेणार नाही. काही ताळमेळच नाही. आणि ही गंमत बघा. त्यांनी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर थेट रक्ताच्या पिशवीला जोडलाय! माझ्याकडे ड्रायव्हरची रेघ जाते गाडीच्या फेरीला, आणि पिशवीची रेघ येते ऑपरेशनकडून. मधले दोन्ही तक्ते गायब, आणि उरलेल्या दोन रेघा सरळ एकमेकींना चिकटवून टाकल्या.”

“आणि आळ तुमच्यावरच का?”

“डेटाबेसचा मुख्य पासवर्ड फक्त आमच्या मालकांकडे, कर्णिक सरांकडे, आणि माझ्याकडे आहे. पासवर्ड असला की असा नकाशा कॉम्प्युटर चुटकीसरशी काढून देतो.” तिचा आवाज पहिल्यांदा कापला. “मॅडम, डेटा चोरीची तक्रार एकदा नावावर लागली, की या लाइनीत कुणी दारात उभं करत नाही. आमच्या गावातून कॉम्प्युटरमध्ये गेलेली मी पहिली मुलगी आहे. माझ्यामागून चौघी शिकतायत. त्यांचे आईबाप काय म्हणतील?”

कीर्तीने पर्स उचलली. “काका, रिक्षा बघा.”

खांदा कॉलनीतल्या त्या इमारतीखाली जनरेटर होता, आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून एक जुना फ्लेक्स दुमडून टाकलेला होता. फ्लेक्सवर सुटातल्या कुणा माणसाचे जोडलेले हात आणि खाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढंच दिसत होतं. कडेला कसलीशी चौकोनी नक्षी होती. बाकीचा साहेब दुमडून आत गेला होता.

“ए, कुठं चाललात?” वॉचमन आडवा आला. मग अंकिताला पाहून त्याने तोंड वाकडं केलं. “हिला वर सोडायचं नाय, ऑर्डर हाय.”

“नाव काय तुजा?” काशीरामने जुना हवालदारी आवाज काढला.

“शिवा,” वॉचमन जरा नरमला.

“तुमचे साहेब जनरेटरवर कशाला झोपलेत रे, शिवा?” कीर्तीने विचारलं.

“कर्णिकसाहेबांचा फ्लेक्स हाय तो. खारघरच्या रस्त्याला नाक्यावर लावलेला, केवढा मोठा! प्रणितसाहेबांनीच लावला, आनि गेल्या सोमवारी त्यांनीच घाईघाईत उतरवून आनला. बाजूला गनपतीतला फ्लेक्स अजून लोंबकळतोय, त्याला हात नाय लावला.”

काशीराम हसला. पनवेलचे फ्लेक्स पुढच्या वाढदिवसापर्यंत लटकतात, हे त्याला ठाऊक होतं. कीर्ती हसली नाही, ती शिवाला ओलांडून सरळ जिना चढू लागली.

वर चारुदत्त कर्णिकने त्यांचं स्वागत उभ्यानेच केलं. चाळिशी ओलांडलेला, परीटघडीचा माणूस. “हिला आत घेऊन यायची हिंमत कशी झाली तुमची? चालते व्हा!”

“होते की,” कीर्ती खुर्ची ओढून बसली. “फक्त एवढं सांगून जाते, की तुमची तक्रार खोटी निघाली, तर अब्रुनुकसानीची नोटीस मी स्वतः घेऊन येईन. त्यापेक्षा चार प्रश्नांची उत्तरं देणं सोपं पडेल तुम्हाला.”

कर्णिकचं नाक लाल झालं. “विचारा. पण लवकर.”

“खारघरवाल्यांचा कागद तुमच्याकडे आला कसा?”

“प्रणितने आणला. आमचा सेल्सचा माणूस. हॉस्पिटलात त्याची ओळख आहे. गेल्या सोमवारी आणून दिला.”

“आणि अंकितावर संशय पहिल्यांदा कुणी घेतला?”

“त्यात घ्यायचंय काय? पासवर्ड दोघांकडे. मी माझ्याच घरात चोरी करीन का? प्रणितही तेच म्हणाला, की हे पासवर्डवाल्याचंच काम.”

“नकाशा आणखी कुठे आहे?”

“मीटिंग रूमच्या भिंतीवर. पण तिथे मोबाइल, कॅमेरा न्यायला मनाई आहे. माझा कडक नियम आहे.”

पुढचा मिथुन, कंपनीतला जुना प्रोग्रामर. तो दाराला टेकून उभा राहिला आणि अंकिताकडे बघायचंही त्याने टाळलं.

“माझं आणि तिचं पटत नाही, लिहून घ्या,” तो म्हणाला. “मी सिनिअर, आणि मुख्य पासवर्ड तिला. मला फक्त माझ्या तुकड्यापुरता. मी खूश असेन का?”

“म्हणजे तुम्ही चोरला?”

“मी चोरला असता तर आतल्या तपशिलासकट चोरला असता, बाई! खरी मेहनत आतच असते. वरची नावं घेऊन करायचंय काय? आणि ड्रायव्हरला रक्ताची पिशवी जोडणारा माणूस डेटाबेसच्या जवळपासही फिरकलेला नाही.”

“भिंतीवरच्या नकाशाचा फोटो कुणी काढू शकतं?”

“आम्ही? मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवावे लागतात.” मिथुनने आवाज खाली आणला. “साहेबांचे नियम साहेबांना सोडून सगळ्यांना असतात.”

शेवटी प्रणित आला. गुळगुळीत दाढी, भारी सेंट आणि ओठांवर कायमचं हसू. “मॅडम, मी सेल्सचा माणूस. त्या चौकटींतलं मला ओ की ठो कळत नाही.”

“मग खारघरवाल्यांचा कागद पाहताक्षणी तो तुमचा आहे, हे कसं कळलं?”

“रोज भिंतीवर बघतो ना! नावं पाठ झालीयत.”

“बरोबर आहे,” कीर्तीने पर्समधून खारे दाणे काढून तोंडात टाकले. “साहेबांचा वाढदिवस जोरात केलात म्हणे.”

“करावा लागतो, मॅडम. फोटोग्राफर खास मुंबईहून आणला होता...” प्रणित एकदम थांबला, आणि त्याने घड्याळात पाहिलं. “मला एका क्लायंटकडे जायचंय.”

“जाल हो. आधी सगळे मीटिंग रूममध्ये चला. काका, तुम्ही खालून जनरेटरचं पांघरूण घेऊन या.”

पांघरूण? काशीरामला काही समजलं नाही, पण तो गेला. तो धुळीने माखलेला फ्लेक्स घेऊन धापा टाकत परत आला, तेव्हा मीटिंग रूममध्ये सगळे एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत उभे होते.

अख्खी भिंत नकाशाने भरली होती. बरेच कागद एकमेकांना चिकटवून अंकिताने तो लावला होता. तक्त्यांची नावं ठसठशीत होती, आतली अक्षरं मुंग्यांएवढी.

“कर्णिकसाहेब, मला एक गोष्ट खटकली,” कीर्ती म्हणाली. “चोर काय नेतो, यापेक्षा काय सोडतो ते बघावं. ऑपरेशनही सोडलं आणि जेवणही सोडलं. महत्त्वाप्रमाणे निवड केलेली नाही. मग कशाप्रमाणे?”

तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. खारघरच्या कागदावर नसलेला एकेक तक्ता शोधायचा आणि त्याच्यावर लाल टिकली लावायची, असा तिचा उद्योग सुरू झाला. जेवण, फेरी, ऑपरेशन... सात टिकल्या लागल्या.

“काका, लांबून बघा. काय दिसतंय?”

काशीराम मागे सरकला. त्याने डोळे बारीक केले, आणि त्याच्या तोंडून शब्द निसटला, “आयला! सगळ्या एकाच जागी हायत! वर एक, खाली दोन खांद्यांसारख्या, मग त्याच्या खाली... हा तर मानूस उभा हाय!”

“कर्णिकसाहेब, जरा तिथे उभे राहता? भिंतीला पाठ करून.”

“मी का म्हणून?”

“उभे राहा, सर,” अंकिता म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की तो उभा राहिला.

सातही टिकल्या त्याच्यामागे झाकल्या गेल्या.

काशीरामने फ्लेक्स उलगडून टेबलावर टाकला. त्यात कर्णिक अगदी असाच उभा होता, हात जोडून, हसत. आणि त्याच्या मागे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, अंकिताचा अख्खा नकाशा पसरला होता. तक्त्यांची नावं रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील एवढी मोठी झाली होती. आतलं बारीक लिखाण फुटून त्याचे नुसते ठिपके झाले होते.

“कुणी पासवर्ड वापरला नाही,” कीर्ती म्हणाली. “पासवर्ड असता तर आतला तपशील मिळाला असता आणि सातही तक्ते मिळाले असते. हा नकाशा साहेबांनी स्वतः नाक्यावर टांगला होता. खारघरवाल्यांनी जातायेता उतरवून घेतला. साहेबांच्या मागे काय आहे ते दिसेना, म्हणून तेवढे तक्ते राहिले. डाव्या कानापाशी ड्रायव्हरची रेघ आत जाते, उजव्या कानापाशी रक्ताच्या पिशवीची रेघ बाहेर येते. त्यांना वाटलं, एकच रेघ आहे.”

कर्णिकच्या तोंडाचं पाणी पळालं. “पण हे... हे कुणाच्या लक्षात आलं नाही...”

“आलं की! खारघरचा कागद सोमवारी आला, आणि फ्लेक्स सोमवारीच उतरला. शेजारचा गणपतीतला अजून तिथेच आहे. प्रणित, एवढी घाई कशाची होती?”

प्रणितचं हसू पहिल्यांदा ओठांवरून गेलं. “मला... फ्लेक्स फाटला होता, म्हणून...”

“कुठे फाटलाय? दाखवा.”

फ्लेक्स धड होता. प्रणितने कर्णिककडे पाहिलं, मग एकदम उसळून म्हणाला, “सर, तो फोटो माझी आयडिया होती! तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही मला त्याच दिवशी हाकललं असतंत. तुम्ही कुणाचं ऐकून घेता का कधी?”

“म्हणून माझं नाव घेतलंस?” अंकिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “चार दिवस गप्प बसून बघत होतास? लाज कशी वाटली नाही रे तुला?”

प्रणितने मान खाली घातली. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कर्णिकने घसा खाकरला. “ठीक आहे. प्रणितचं मी बघतो. अंकिता, तक्रार देत नाही मी. झालं गेलं विसर, उद्यापासून कामाला ये.”

“आधी सगळ्यांना बोलवा, सर.”

“आता कशाला तमाशा?”

“चोर म्हणालात तेव्हा बोलावलं होतंत.”

बोलवावंच लागलं. माणसं येऊन दाटीवाटीने उभी राहिली. कर्णिक पुटपुटला, “जरा गैरसमज झाला होता...”

“माझं नाव घेऊन सांगा.”

“अंकिता म्हात्रेने चोरी केलेली नाही.” तो थांबला. ती हलली नाही. “चूक माझी होती.”

काशीरामला त्या क्षणी त्या पोरीचा फार अभिमान वाटला. जणू आपल्याच घरातली ती.

“बस,” अंकिता म्हणाली. “उद्या मी येणार नाही, सर. पासवर्ड आता कुणाला देऊ ते सांगा आणि मला मोकळं करा.”

“अगं पण... बरं. मिथुनला दे. इतके दिवस त्यालाच हवा होता.”

सगळे मिथुनकडे वळले. मिथुनने दोन्ही हात मागे घेतले.

“मला नको.”

“म्हणजे?”

“या ऑफिसात पासवर्ड ज्याच्याकडे, चोर तो. मला बायको-पोरं आहेत, सर. दुसरं कुणी बघा.”

कर्णिकने दुसऱ्याकडे पाहिलं, मग तिसऱ्याकडे. एकेक जण नजर चुकवत दाराकडे सरकला.

“मग आता तो तुमच्या एकट्याकडेच राहिला,” असं म्हणून अंकिताने आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.