लिदुविनाचा उजवा डोळा

न्या लिदुविनाच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून तेरेरेचा गार काढा गळायला लागला, तेव्हा तिला वाटलं प्यायची नळीच चिरली आहे. पाराग्वे नदीकाठच्या आमच्या कोन्सेप्सिओनात तिची चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पावांची भट्टी. सगळं गाव तिला मानाने न्या म्हणायचं. शेजारणींनी कारण लगेच सांगून टाकलं: धगीतून उठून दक्षिणेच्या गार वाऱ्यात गेली, तोंड वाकडं होणारच. पण उजव्या कानात बारीक फोड आले होते. ती नागीण होती. विषाणू चेहऱ्याच्या नसेत शिरला होता. डॉक्टरांनी वेळेत औषधं सुरू केली आणि चेहऱ्याचे व्यायाम करून घ्यायला मला पाठवलं.

मी फिजिओथेरपिस्ट. सकाळ-संध्याकाळ इस्पितळात अडकलेली, म्हणून तिच्याकडे भर दुपारी जायची, गाव झोपलेलं असताना. आरशासमोर बसवून गाल बोटांनी हलकेच वर न्यायला शिकवलं. जोर करायचा नाही, नस आपल्या गतीने जुळते. खरी काळजी डोळ्याची होती. उजवी पापणी मिटतच नव्हती. दिवसा थेंब, झोपताना मलम आणि वरून चिकटपट्टी. नाहीतर बुबुळ कोरडं पडून व्रण होतो, दृष्टी जाते.

तिची मुलगी सेल्वा मला बाजूला घेऊन म्हणाली, आई झोपेतच पट्टी ओढून काढते.

"आणि मग तो डोळा बघत बसतो."

मी तिची समजूत घातली. झोपेत बुबुळ आपोआप वर जातं, फटीतून नुसतं पांढरं दिसतं. तिची खात्री पटावी म्हणून त्या दुपारी मी थांबले.

न्या लिदुविना ओसरीतल्या झुल्यात झोपली. श्वास लांब झाला. थोड्या वेळाने तिचा हात उठला, पट्टी निघाली. डावा डोळा गच्च मिटलेला. उजव्याचं बुबुळ मात्र वर गेलंच नाही. ते फाटकावर खिळलं होतं. मग हळूहळू सरकायला लागलं. आंब्याखालून, भट्टीच्या कडेने, ओसरीच्या पायरीपर्यंत. चालत येणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तसं. अंगणातल्या कोंबड्या वाट सोडून बाजूला झाल्या.

मी वाकून पाहिलं. उन्हाच्या झळाळीने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. बघता बघता ती मोठी झाली. डोळ्यावर सावली पडली की होते, तशी. ऊन होतं तसंच होतं.

मी मलम घातलं, नवी पट्टी लावली. ती नीट चिकटायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

पुढच्या खेपेला सेल्वा भट्टीवर होती. न्या लिदुविनाने आरसा पालथा ठेवला.

"पोरी, हे व्यायाम थांबव."

"अहो, गाल हलायला लागलाय. आता कुठे फरक पडतोय."

"म्हणूनच म्हणते. डोळा त्याच्यावर असला की ते पायरी चढत नाही."

कोण, असं मी विचारलं.

"झोपलेल्या बाईला काय विचारतेस?" ती म्हणाली. "त्या डोळ्याला ठाऊक."

आजारपणाने मन हळवं होतं, स्टेरॉईडने झोप बिघडते, असं बरंच मी सांगितलं. डोळा जाईल, हेही सांगितलं.

"जाईपर्यंत तरी बघेल," ती म्हणाली.

सेल्वाने आईला दम भरला. व्यायाम चालू राहिले.

थंडी सरता सरता हसू जवळजवळ सरळ झालं आणि एके दिवशी पापणी पूर्ण मिटली. सेल्वाने माझ्यासाठी गरम चिपा फडक्यात बांधल्या. जेवण झाल्यावर मी न्या लिदुविनाच्या झुल्याजवळ बसले. ती झोपेशी झगडत होती. मांडीला चिमटे काढत होती, माझ्या हाताला घट्ट धरत होती.

"तू बघ हं," ती पुटपुटली. "तू तरी बघ."

मग पकड सैल झाली. दोन्ही पापण्या मिटल्या. एकसारख्या, व्यवस्थित.

मी पायरीकडे बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं.

झुल्याचे दोर ताणले गेले.

न्या लिदुविना वाळक्या अंगाची बाई. तिच्या वजनाने झुला कधी फार खाली यायचा नाही. आता तो सावकाश खाली येत होता, फरशीला टेकेपर्यंत.

मी हाक मारली. ती उठली नाही.

झोपेतच तिने अंग चोरलं आणि कडेला सरकून जागा करून दिली.