मातीच्या मुलीचा निरोप

आरती झाली, मोदक झाले, आता ते मोबाइल ठेवा बाजूला. राजस, आतल्या खोलीचा दिवा बंद करू नकोस. का ते सांगतो, आधी बस. अवनी, तूही ये. आणि एक आधीच सांगतो. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडल्या आहेत, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ही गोष्ट अभयची आहे. यिशुनला राहणारा आपला अभय, तुमची नंदामावशी त्याचीच बायको. माणूस अकाउंटंट, म्हणजे थापा मारायची कुवतच नाही.

तर, एका म्हाताऱ्या इटालियन गृहस्थांचे टॅक्सचे कागद अभय बघायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये रंगकाम निघालं आणि ते गावी चालले होते. म्हणाले, एक नाजूक वस्तू आहे, तेवढी तुझ्याकडे ठेव. बंद खोक्यात मात्र ठेवू नकोस, दमट हवेत बुरशी धरते. अभय ऑफिसमधून परस्पर गेला आणि मांडीवर खोकं घेऊन टॅक्सीने घरी आला. इतकंच काम.

खोक्यात होती भाजलेल्या मातीची वीतभर वस्तू. आपल्या कुंडीसारखी लाल. एक शवपेटी आणि तिच्या झाकणावर एक मुलगी. झोपलेली नाही हं. कोपरावर रेलून अर्धी उठलेली, मान एका बाजूला वळवलेली, कुणी हाक मारल्यावर आपण वळवतो तशी. अंगावरच्या कापडाची चुणी न् चुणी कोरलेली. चेहरा मात्र नाही. चेहऱ्याच्या जागी शिल्पकाराने नुसता अंगठा दाबून ठेवलेला.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची, रोमची. तिकडे बड्या लोकांच्या थडग्यावर संगमरवरी पुतळे बसवायचे. त्याआधी मातीत असा छोटा नमुना करून घरच्यांना दाखवायचा. ही मुलगी आजारी होती, वाचायची नाही असं सगळ्यांनी धरलं, म्हणून बापाने नमुना करायला सांगितला. आणि ती बरी झाली. थडगं झालंच नाही, नमुना तेवढा राहिला. 'अजून कुणाची तरी वाट बघतेय बिचारी,' असं तो म्हातारा हसत म्हणाला होता.

अभयने ती हॉलमधल्या कपाटावर ठेवली. आठवड्याने गणपती आले आणि तेही त्याच कपाटावर बसले. फ्लॅटमध्ये जागा किती असते ते तुम्हाला माहीत आहे. पूजा अभयच सांगायचा, अभयच करायचा. प्राणप्रतिष्ठा झाली, तुपात बुडवलेली दूर्वा त्याने बाप्पाच्या डोळ्यांना लावली. शेजारी त्याची मुलगी मैत्रेयी उभी. सात वर्षांची, समोरचा एक दात नुकताच पडलेला.

"बाबा, this one got no eyes. So poor thing, lah."

आणि तिने तीच दूर्वा उचलून त्या मातीच्या मुलीला लावली. दोनदा, जिथे डोळे असायला हवेत तिथे. नंदा म्हणाली, "अगं, तिला नको." अभय हसला. जाऊ दे, म्हणाला. लेकीचं कौतुकच वाटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सव्वीस ऑगस्ट दोन हजार सतरा. दीड दिवसाचे गणपती. दुपारपासून मैत्रेयीला ताप. संध्याकाळी उत्तरपूजा करून अभयने बाप्पाला बादलीत विसर्जित केलं. चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता, खाली पितरांसाठी कागद जाळल्याचा वास घरभर भरला होता.

रात्री दोनच्या सुमारास तो पाणी घ्यायला उठला. हॉलमध्ये अंधार. बाहेरच्या कॉरिडॉरचा उजेड कपाटावर पडलेला.

मातीच्या मुलीला नाक होतं.

ओठ होते. किंचित उघडे. आणि ओठांमागे, समोर... एका दाताची जागा रिकामी.

अभय धावत आत गेला. नंदा पलंगाजवळ उभी. तोंडावर हात. मैत्रेयी कोपरावर रेलून अर्धी उठलेली. मान दाराकडे. डोळे मिटलेले.

"मगाशी तापाने फणफणली होती," नंदा म्हणाली. "आता बघ ना... गार पडलीये. आडवी होतच नाहीये रे."

अँब्युलन्सला फोन केला नंदाने. अभयने मला. काय झालं ते त्याने धड सांगितलंही नाही, दूर्वेचं तेवढं सांगितलं. मी घाबरलो, स्पष्ट सांगतो. पण तोंडातून निघून गेलं, "अरे, बाप्पाला निरोप दिलास. तिला कुठे दिलास?"

मग मी त्याला सांगितलं. अक्षता घे. तिच्यावर वाहा. जागेवरून हलव, बाप्पाला हलवतो तशी. फक्त एक कर... मंत्रातलं शेवटचं म्हणू नकोस. 'पुन्हा या' असं तिला म्हणायचं नाही.

फोन चालूच होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. अक्षता पडल्याचा आवाज आला, बारीक. मग मंत्र. लहानपणापासून पाठ, थरथरत का होईना म्हणत होता. माती लाकडावर सरकली.

आणि मग... जिभेची सवय, दुसरं काय.

"...पुनरागमनाय च."

 

तेवढ्यात आतून मैत्रेयीचा आवाज आला. "आई, पाणी." नंदा रडायला लागली. अँब्युलन्सवाले आले, तपासलं, काही सापडलं नाही. सकाळी त्या मातीवर चेहरा नव्हता, पूर्वीसारखा अंगठाच. गृहस्थ परत आले, आपली वस्तू घेऊन कायमचे इटलीला गेले. वर्ष निघून गेलं.

आज सकाळी अभयचा फोन आला. गणपती अजून खोक्यातच होते, पूजेची तयारीही व्हायची होती. नंदा मैत्रेयीला उठवायला गेली...

नाही अवनी, ती बरी आहे. खेळली, जेवली. पण ते दोघं त्या घरात राहायला तयार नाहीत, म्हणून तिला इथे आणलंय. आत झोपलीये. आईबाप दोन बाजूंना बसलेत. दिवा त्यांनीच चालू ठेवायला सांगितलाय.

काय दिसलं नंदाला? पोरगी शांत झोपली होती. गालावर मातीचा ठसा होता. लाल माती, ओली. अंगठ्याचा, मोठ्या माणसाच्या.