पळू दे मीटर

हॉटेलचं आठवड्याचं बिल बघून मला आधी हसूच आलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मग खोलीचा नंबर वाचला आणि पायाखालची जमीन सरकली. खोलीच्या भाड्यापेक्षा फोनचा आकडा मोठा!

“पण मी कुणाला फोनच केला नाही हो!” मी काउंटरवर जवळजवळ ओरडलेच.

“तुमच्या कॉम्प्युटरने केलाय,” मागून कुणीतरी माझ्या बिलात डोकावत म्हणालं. “रोज संध्याकाळी. थेट तुमच्या गावाला, एसटीडी!”

वळून पाहिलं. उंच, केस विस्कटलेले, बाहीवर ग्रीसचा डाग... आणि डोळ्यांत चक्क हसू! असला राग आला म्हणून सांगू. पण नजर काही तिथून हलेना.

तो कारखान्यांत पंप बसवत फिरायचा आणि मी शिवणयंत्रं चालवायला शिकवत. त्या काळी इंटरनेट म्हणजे फोनची वायर लॅपटॉपला जोडायची आणि ऑफिसला रिपोर्ट धाडायचा. माझा लॅपटॉप आमच्या गावचा नंबर फिरवतोय, आणि हॉटेल मिनिटामिनिटाला पैसे लावतंय, हे मला कोण सांगणार?

त्याने सांगितलं. लॅपटॉपमध्ये इथला लोकल नंबर टाकून दिला. समोरच्या वाचनालयात वायर जोडायची फुकट सोय आहे, तीही दाखवली.

“हॉटेलचा फोन फक्त घ्यायचा. आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत. आपण करायचा नाही... मेलो तरी!”

“एवढे कवडीचुंबक?”

“पिढीजात!”

मग रोज संध्याकाळी वाचनालय. टेबल एक, वायर एक. आधी माझा रिपोर्ट, मग त्याचा. ग्रंथपाल बाई डोळे वटारायच्या, म्हणून सगळं कुजबुजत... आणि कुजबुजायचं तर जवळ सरकावं लागतं.

“तुमचा रिपोर्ट फार लांब असतो हं.”

“घाई आहे तुम्हाला?”

“छे... अजून थोडा लांबवा.”

माझे कान तापायचे.

शेवटच्या संध्याकाळी त्याने वायर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. आता बोलेल... आता...

“प्रवास सुखाचा होवो,” तो म्हणाला.

बस्स? मी थक्कच झाले. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बसलो, तर फोन वाजला. बाबांनी उचलला. “अगं, तुझ्यासाठी आहे. कुणी गृहस्थ आहेत, नाव सांगितलं, आता नुसतेच श्वास घेतायत.”

“हॅलो?”

“मी... पंपवाला. नंबर काउंटरवरून घेतला.”

“कुठून बोलताय?”

“खोलीतून.”

हॉटेलच्या फोनवरून? हा माणूस?

“अहो, मीटर पळतोय!”

“पळू दे... मला काल... म्हणजे ते टेबल आज... तुमच्याशिवाय...” पुढे शांतता. एसटीडीच्या दराची शांतता!

“फोन ठेवा!”

“ठेवू?” त्याचा आवाज एकदम पडला. “बरं... चुकलं माझं...”

“अहो, ठेवा, मी करते! आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत ना? पुढे संसाराला लागतील ते!”

बोलून गेले आणि मीच हादरले. आईच्या हातातला डाव आमटीत पडला. बाबांचा घास तोंडाशीच थांबला.

“आणि आपलं बिल कोण भरणार?” बाबांनी कसंबसं विचारलं.

मी हॉटेलचा नंबर फिरवत होते. काउंटरवाल्याने त्याच्या खोलीत जोडून दिला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, “हो!”

मी तर अजून काही विचारलंही नव्हतं.