डोंगराखालची देवी पळवली!

"डोंगर कधी चालतो का गं, शहाणे?" मुरुमाच्या खाणीचा मुकादम हरिश्चंद्र खो-खो हसला.

"चालतो! काल सुतळी सैल होती, आज तानलीय बघा!" रंभा ओरडली.

गणपतीच्या सुट्टीत आईबरोबर चांदीपला मामाकडे आलेल्या हंसाने मामेभावंडांना, रंभाला आणि शत्रुघ्नला, हाताशी धरून डोंगरावरच्या भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या होत्या, मध्ये सुतळी बांधली होती. आठ दिवस पावसाची झड. मुकादमाने रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापलेला, वरची झाडं तोडलेली. धरायला मुळं नाहीत, टेकायला पाय नाही, वर भेगेतून पाणी पोटात मुरतंय. माती किती दिवस उभी राहील?

त्यातच कड्यातून नवा झरा फुटला. तांबडा, गढूळ, डोंगराच्या पोटातली माती वाहून आणणारा. पण गावाला भलतंच सुचलं! "देवी पावली!" म्हणत देवळातला देवीचा तांदळा, नारळाएवढा शेंदूर फासलेला गोटा, त्यांनी थेट झऱ्यापाशी मांडला. ओटी भरायला बाया कड्याखाली बसल्या. पहिल्या रांगेत हंसाची आई, सावित्री.

तट्! वर सुतळी तुटली. तिघं धावत खाली आली.

"आई, ऊठ! डोंगर येतोय!"

"ओटी अर्धवट टाकून उठायचं नसतं. गप बस!"

"देवी उठली तरच बाया उठतील," शत्रुघ्न पुटपुटला.

हंसाने तांदळा पोटाशी धरला आणि धूम ठोकली!

"देवी पळवली! धरा तिला! तंगडंच मोडते मेलीचं!" मामी आनंदीबाई किंचाळली. सगळा गाव चिखल तुडवत मागे. हंसा थेट दूरच्या खळ्यावर थांबली.

मागे जात्यासारखी घरघर झाली. कडा बसला, आणि झरा, ओटीची ताटं, खाणीची झोपडी गडप! मुकादम तेवढा मागे आलाच नव्हता. झोपडीच्या दारात हसत उभा होता.

मामीने तिन्ही पोरांना कवटाळलं. "तुम्ही गाव वाचवलंत रे! आम्ही केस पांढरे केले, पन पानी गढूळ का, एवढं नाय विचारलं कोनी."

म्हातारे रामनाथ पाटील हंसापुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, देवी आता कुठं बसवायची, तू सांग."

ढिगाऱ्यावर मुकादमाची बायको उघड्या हातांनी चिखल उपसत होती. हंसाने तिकडे पाहिलं.

"ते मग ठरवा. आधी फावडी आणा!"

मुकादम सापडला तेव्हा दिवस कलला होता. तोंडात मुरुम भरलेला. त्या दिवशी चांदीपला एकही चूल पेटली नाही.